गोगलगाईंचा निवाडा

सकाळची सगळी घाई बाजूला ठेवून आमच्या ओळीतली झाडून सगळी माणसं पहिल्या घराच्या उंबऱ्यापुढे कमरेत वाकून उभी होती. उंबऱ्याबाहेर एक गुलाबी रेघ होती आणि त्या रेघेच्या दिशेने एक गोगलगाय येत होती. ती आपल्या नेहमीच्या वेगाने येत होती, त्यामुळे प्रत्येकाला कामावर जायला उशीर होत होता, पण जागचं हलायला कोणी तयार नव्हतं.

"पोचली," कोणीतरी कुजबुजलं. मोठ्याने बोललं तर गोगलगायीचं लक्ष विचलित होईल अशी भीती असावी.

गोगलगायीने शिंगं पुढे काढली, रेघेला टेकवली, लगेच आत ओढली आणि वळली. गर्दीने सुस्कारा सोडला. आमच्या ओळीचे अध्यक्ष डोळे पुसू लागले. रेघबाबांनी मात्र आपले डोळे मिटलेलेच ठेवले होते.

"ती वळली नाही," बाबा म्हणाले. "तिला वळवलं गेलं."

कोणी वळवलं ते त्यांनी सांगितलं नाही. तरी सगळ्यांना ते कळलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चष्मे विकतो. लोकांना स्पष्ट दिसावं एवढाच माझा धंदा आहे, आणि तो आमच्या ओळीत का चालत नाही हे मला त्या सकाळी समजलं.

गोगलगाय म्हटलं की पाठीवरचा शंख डोळ्यांपुढे येतो. आमच्याकडच्यांना तोही नव्हता. बोटाएवढ्या, राखाडी, बुळबुळीत, आणि अंगावर काही नसल्याची लाज नाही. आमची आठ घरांची बैठी ओळ आहे, मागे सामाईक बोळ आहे आणि भिंतींना ओल आहे. त्या वर्षी ओल वाढली तशा या बाया संध्याकाळ झाली की मोरीतून, दाराच्या फटीतून, खिडकीच्या चौकटीतून आत यायला लागल्या. त्या बुटात सापडल्या. साबणावर सापडल्या. अध्यक्ष रात्री कवळी ज्या पेल्यात ठेवतात, त्या पेल्याच्या काठावर एक सापडली. आमच्या हिचा अनवाणी पाय एकदा एकीवर पडला, तेव्हा तिच्या किंकाळीने शेजारच्या घरात हातातलं दुधाचं पातेलं सुटलं.

अध्यक्षांनी बैठक घेऊन गोगलगाईंविरुद्ध ठराव मंजूर केला. गोगलगाईंनी त्याची दखल घेतली नाही. तेव्हा दुकानदाराने रेघबाबांना आणलं.

हा दुकानदार सातव्या घरात राहतो. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं किराणा आणि भाजीचं दुकान आहे. आठव्या, कोपऱ्यावरच्या घरात त्याची विधवा वहिनी राहते. ती कपडे शिवते. खिडकीशी मशीन ठेवून दिवसभर पायांनी चालवत असते, आणि ओळीतली सगळी लहानथोर माणसं तिला वहिनीच म्हणतात. नवरा गेल्यापासून ते घर आणि ती मशीन एवढंच तिचं आहे. दुकानदाराला त्या घरात पोती ठेवायची होती. हे त्याने कधी तोंडाने म्हटलं नाही, पण वहिनीच्या भिंतीला पावलं लावून मापं घेताना त्याला आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

बाबा दुकानदाराच्या ओसरीवर उतरले. हिरवा पायघोळ अंगरखा, पोटापर्यंत दाढी, नाकावर जाड भिंगांचा चष्मा आणि दोन्ही खांद्यांवरून लोंबणाऱ्या दोन पिशव्या. संध्याकाळ झाली की ते दारोदार फिरत, पिशवीतून मंतरलेली गुलाबी पूड काढत आणि प्रत्येक उंबऱ्याबाहेर एक रेघ ओढत.

"ही रेघ मी ओढत नाही," ते म्हणत. "रेघच मला ओढते. मी तिच्यामागून वाकतो एवढंच."

वाकताना त्यांची कंबर धरायची, मग ज्या घरी धरेल त्या घरी ते जेवायला थांबत. कंबर नेमकी चांगला स्वयंपाक असलेल्या घरीच धरायची. पण गोगलगाई खरोखर थांबल्या, हे मलाही मान्य करावं लागलं. पूड उरली की लोक मागून घेत. अध्यक्षांनी ती गरम पाण्यात घालून गुळण्या केल्या, तर त्यांचा महिनाभर धरलेला घसा दोन दिवसांत सुटला. मग काय विचारता. आमची ही तर चिमूटभर पूड माझ्या दुकानाच्या गल्ल्यात टाकून आली.

"अगं, गल्ल्यात गोगलगाय शिरते का कधी?"

"गिऱ्हाईक तरी कुठे शिरतं?" ती म्हणाली.

आणि मग एका सकाळी वेगळाच चमत्कार झाला. सात घरांचे उंबरे कोरडे, आणि आठव्या घराच्या, म्हणजे वहिनीच्या दारात गोगलगाईंचा मेळा. रेघेवर, रेघेच्या अल्याड, पल्याड, पायरीवर, एकमेकींच्या अंगावर. पाय ठेवायला जागा नव्हती. रेघ तिथेही होतीच, पण तिचं कोणी ऐकलं नव्हतं. वहिनी केरसुणी हातात घेऊन दारात उभी होती आणि कोणाच्याही नजरेला नजर देत नव्हती.

बाबा आले. बराच वेळ दाढीवरून हात फिरवत राहिले.

"जिवाला शंख नाही, म्हणजे छप्पर नाही," ते म्हणाले. "छप्पर नसलेला जीव छप्पर शोधतो. कोणाचं? ज्याचं छप्पर त्याचं नाही, त्याचं. माझी रेघ खोट्या घराला राखत नाही. मी काय बोलणार? बोलणाऱ्या या आहेत." त्यांनी खाली बोट दाखवलं. खाली त्यातली एक वहिनीच्या पायपुसण्यावर चढत होती.

"म्हणजे हे घर वहिनीचं नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"एकदा जमल्या तर योगायोग. उद्याही जमल्या तर निवाडा."

दुकानदाराने मान खाली घातली. "मला तर फार वाईट वाटतंय," तो म्हणाला. "पण ओळीवर संकट नको. तशीच वेळ आली तर घराची काळजी मी घेईन." गोगलगाय नि पोटात पाय, असं आपण उगाच त्या जनावराला म्हणतो.

दुकानदाराचा मला रागही आला नाही, तो तसाच आहे. मला भरून आलं ते वहिनीला बघून. ती भांडली नाही, रडली नाही. थोड्या वेळाने मी तिच्याकडे गेलो तर ती मशीनचं डोकं चादरीत गुंडाळत होती.

"वहिनी, हे काय चालवलंय?"

"तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला पटणार नाही," ती म्हणाली. "पण सात घरं सोडून त्या माझ्याच दारी का याव्यात? काहीतरी असेलच ना माझं. ह्यांच्या आजारपणात मी एकदा चिडून म्हटलं होतं, नको हे घर म्हणून. तेच लागलं असेल."

मी तिला नाही नाही म्हणालो. पण त्या का आल्या, हे मला तरी कुठे माहीत होतं?

त्याच दुपारी माझी आत्या आली. तिने जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. झुरळापासून बेडकापर्यंत सगळ्यांची पोटं उघडून बघितली, आणि माणसांकडेही ती त्याच नजरेने बघते. मी लहानपणापासून चष्मा लावतो म्हणून ती मला चष्म्या म्हणते, आणि मी चष्म्याचं दुकान काढल्यावर तिने त्यात काही बदल केला नाही.

आत्याने चहा घेता घेता सगळं ऐकून घेतलं. मग कप खाली ठेवला.

"चष्म्या, तो बाबा रेघ कोणत्या हाताने ओढतो?"

"उजव्या." मी थांबलो. "पण काल वहिनीच्या दारात डाव्या हाताने ओढली. आणि पूडही डावीकडच्या पिशवीतून काढली."

"हे तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग तुला काय वाटलं?"

"वाटलं, उजवा दमला असेल."

आत्याने माझ्याकडे बघितलं, त्या बेडकांकडे बघायची तसंच. मग ती उठली, मागच्या बोळात जाऊन आली, आणि येताना तिच्या चपला चिखलाने भरलेल्या होत्या आणि चेहरा प्रसन्न होता. तिथे काय बघितलं ते तिने सांगितलं नाही.

संध्याकाळी बाबांची फेरी झाली. सात दारांत उजवा हात, आठव्यात डावा. आठव्या दारात त्यांनी रेघेवर बाटलीतलं मंतरलेलं पाणीही शिंपडलं. "हट्टी घराला जरा जास्त लागतं," ते म्हणाले. आत्या सर्वांत पुढे हात जोडून उभी होती. इतकी भाविक आत्या मी जन्मात बघितली नव्हती.

मंडळी पांगल्यावर तिने माझ्या दुकानातली चष्म्याची दोन रिकामी घरं मागितली. एकात आमच्या उंबऱ्यावरची पूड खरवडून भरली. मग वहिनीच्या दारातली सगळी ओली रेघ पुसून, धुऊन, तो लगदा डब्यात घेतला, त्यातला थोडा चष्म्याच्या दुसऱ्या घरात भरला, आणि वहिनीच्या उंबऱ्याबाहेर आमच्या स्वयंपाकघरातलं मूठभर जाडं मीठ पसरलं.

"काही विचारू नकोस," ती वहिनीला म्हणाली. "आणि ते मशीनचं गाठोडं सोड आधी."

"उद्या बघू," वहिनी म्हणाली. गाठोडं तिने सोडलं नाही.

"आता तुझं काम," आत्या मला म्हणाली. "बाबाच्या चष्म्याची डावी काडी ढिली आहे. तू धंदा करतोस ना? जा, सेवा कर."

मी स्क्रू आवळायचा पेचकस घेऊन ओसरीवर गेलो. बाबांना सेवा आवडते. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि तेवढ्यात त्यांच्यापुरतं सगळं जग धूसर झालं. काडी घट्ट करायला फार वेळ लागत नाही, पण मी तिच्याशी इतका खेळलो की नवा चष्मा झाला असता.

"कोण आहे तिथे पायरीवर?" बाबांनी डोळे बारीक करून विचारलं.

"मी, याची आत्या. तुमच्या चपलांना हात लावून जातेय," आत्या म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं. डब्यातला लगदा तिने बाबांच्या चपलांत आणि दुकानदाराच्या पायरीवर मन लावून पसरला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास सगळी ओळ पुन्हा जमली. लोक आधी आठव्या दाराकडे धावले. उंबरा स्वच्छ होता. वहिनी दारात होती, मशीनचं गाठोडं पायाशी होतं. ती पुन्हा पुन्हा उंबऱ्याकडे बघत होती.

"अरे, मग गेल्या कुठे?" अध्यक्ष म्हणाले.

उत्तर सातव्या घरातून आलं. बाबा झोपेतून उठून ओसरीवर आले होते आणि सवयीने त्यांनी चपलेत पाय सरकवला होता. तो आवाज मी लिहून दाखवू शकत नाही. ओला होता एवढं सांगतो. त्यानंतर बाबांनी जो शब्द उच्चारला तो कोणत्याही मंत्रात बसणारा नव्हता.

दोन्ही चपला भरलेल्या होत्या. पायरी भरलेली होती. दुकानाच्या फळीवरून एक जाडजूड गोगलगाय सरपटत खाली येत होती आणि तिच्यामागे रांगेने तिचा परिवार होता. दुकानदार दार उघडून बाहेर आला, त्याने खाली बघितलं आणि दार पुन्हा लावून घेतलं.

"निवाडा झाला म्हणायचा," आत्या म्हणाली. "अध्यक्ष, हे घर दुकानदाराचं नाही. आणि चपलांचं बोलायचं तर त्याही बाबांच्या नसाव्यात."

बाबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी पाय हळूच बाहेर काढला, अंगरख्याला पुसला आणि डोळे मिटले. "भोळ्या जिवांनो," ते म्हणाले, "या माझ्या पायाशी मुक्ती मागायला आल्या आहेत."

गर्दीत लगेच कुजबुज झाली, "मुक्ती, मुक्ती." आमच्या हिने हात जोडलेसुद्धा.

"बरं," आत्या म्हणाली. "मग काल वहिनीच्या पायाशी आल्या होत्या त्या कशाला? काल तिच्या दारात जमल्या तर तिचं घर खोटं, आज तुमच्या चपलेत जमल्या तर तुम्ही थोर. जनावर तेच, चिखल तोच. एक काहीतरी ठरवा. दोघंही चोर, नाहीतर दोघंही संत."

कुजबुज थांबली. आमच्या हिचे हात अर्धवट खाली आले.

आत्याने चष्म्याची दोन घरं उघडली. "अध्यक्ष, गुळण्यांचा अनुभव तुम्हाला आहे. तेव्हा पूड कशी लागली होती?"

"खारट," अध्यक्ष म्हणाले. "मला वाटलं, मंत्राची चव असेल."

"गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या केल्या की घसा सुटतो. मंत्र आणि गुलाबी रंग नुसते दिखाव्याला. हे सात घरांचं मीठ. गोगलगायीचं अंग म्हणजे बरंचसं पाणीच. मीठ लागलं की ते पाणी ओढलं जातं, तिला सोसत नाही, म्हणून ती वळते. आणि दमट हवेत मीठ विरघळून जातं, म्हणून रेघ रोज नव्याने ओढायला लागायची. आता या दुसऱ्याचा वास घ्या."

अध्यक्षांनी वास घेतला. "पावासारखा येतोय."

"यायलाच हवा. कोंडा, साखर आणि पाव फुगवायचं यीस्ट. मंतरलेलं पाणी म्हणजे शिळी बियर, हुंगून बघा ती बाटली. हे सगळं दमटपणात आंबलं की गोगलगाईंना मेजवानीचं आमंत्रण जातं. उजव्या हाताने हाकलायचं, डाव्या हाताने बोलवायचं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथे पीठ गोगलगाईंनी खाल्लं आणि घर दुकानदार खाणार होता."

"असं तोंडाने कोणीही म्हणेल," बाबा म्हणाले. पण ते चपलांपासून लांब सरकत होते.

"म्हणून तोंडाचं नकोच," आत्या म्हणाली. तिने फरशीवर एका बाजूला सात घरांची पूड ठेवली, दुसऱ्या बाजूला आठव्या घराची, आणि बाबांच्या चपलेतली एक गोगलगाय पानावर उचलून मधोमध सोडली. मग आम्ही सगळे पुन्हा कमरेत वाकून उभे राहिलो. कामावर जायला सगळ्यांना उशीर होत होता. गोगलगाय मिठाकडे गेली, शिंगं टेकवली, आत ओढली. वळली. सावकाश, अगदी सावकाश दुसऱ्या ढिगाशी पोचली आणि निवांत खायला लागली.

"हिला कोणी वळवलं?" आत्याने विचारलं.

मग वहिनी बोलली. "कोणी नाही," ती म्हणाली. "तिची तीच वळली."

"मग तुझ्या दारी का आली होती?"

"खायला," वहिनी म्हणाली. तिने ते स्वतःशीच पुन्हा एकदा म्हटलं, "नुसतं खायला." आणि मग ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि आमची ही, जी आदल्या दिवशी तिच्या दारावरून पदर सावरून गेली होती, ती पुढे होऊन तिचा हात धरून उभी राहिली.

त्यानंतर आत्याने सगळ्यांना मागच्या बोळात नेलं. दुकानाच्या मागच्या भिंतीला दुकानदाराने भिजकी पोती रचून ठेवली होती आणि पोत्यांखाली सडका भाजीपाला होता. अध्यक्षांनी काठीने एक पोतं उचललं. आमच्या आठही घरांत येणाऱ्या गोगलगाईंचं माहेर तिथे होतं. मोठ्या होत्या, मधल्या होत्या आणि मोत्यांसारखी अंडीही होती.

"शत्रू सामाईक बोळात, आणि तुम्ही रेघा ओढताय उंबऱ्यावर," आत्या म्हणाली. "ही ओली घाण हलवा. मोरीला जाळी बसवा. कुंड्या भिंतीपासून लांब ठेवा. दाराखालची फट बुजवा. यात कोणालाही जेवायला घालायला लागत नाही."

आम्ही बाबांना शोधायला परतलो तेव्हा ओसरी रिकामी होती. चपला तशाच होत्या. चष्मा मात्र ते घेऊन गेले होते, आणि त्याची काडी मी इतकी घट्ट केली होती की वाट चांगली दिसली असणार.

हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट आहे, आणि आमच्या ओळीत अजून हसतात. पण मला त्या सकाळचं चादरीतलं गाठोडं आठवतं. बोटाएवढ्या एका जिवाला भूक लागली होती, एवढ्यावर आम्ही शहाणी माणसं एका बाईला तिच्या घरातून उठवायला निघालो होतो, आणि ती उठायलाही तयार झाली होती. चमत्कार दिसला तर डोळे मिटू नका. वाका, बघा, वास घ्या, आणि कोणता हात कोणत्या पिशवीत जातो त्याच्यावर लक्ष ठेवा. काहीच कळलं नाही तर निदान एवढं विचारा, की या चमत्काराने घर कोणाचं जातंय आणि कोणाला मिळतंय.

वहिनीने त्याच दिवशी मशीन पुन्हा खिडकीशी बसवली. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या कापून तिने दाराखालच्या फटींसाठी झालरी शिवायला घेतल्या. अध्यक्षांच्या दाराला पहिली लागली, आमच्या दाराला दुसरी. एकेक करत सहा घरं झाली. शेवटी दुकानदार आला आणि तिच्या दारात चुळबुळत उभा राहिला.

"वहिनी, आमच्याही दाराचं माप घेता का?"

वहिनीने मशीन थांबवली नाही. मापाची पट्टी तिच्या गळ्यातच होती.

"घेते की, भाऊजी," ती म्हणाली. "आधी पोती हलवा."